दिवलीआईच्या कपाळातला दिवा

टिटवाळ्याच्या त्या नव्या इमारतीत अजून लिफ्ट बसायची होती, वरच्या मजल्यांना रंग लागायचा होता, पण तळमजल्यावरच्या तीन नंबरच्या गाळ्यात देवी राहायला आली होती. दोन वर्षं त्या गाळ्याकडे एकही दुकानदार फिरकला नव्हता. आता दर मंगळवारी सकाळी सातपासून बाहेर चपलांचा ढीग पडायचा आणि रांग वाळूच्या ढिगाला वळसा घालून पार रस्त्यापर्यंत जायची.

आत काळे पडदे, उदबत्त्यांचा धूर आणि लाल कापडाने झाकलेल्या चौरंगावर हातभर उंचीची दिवलीआई. तिच्यापुढे तांब्याच्या दोन पादुका, एकमेकींपासून वीतभर दूर. पद्धत अगदी सोपी होती. भक्ताने गुडघे टेकायचे, एक हात एका पादुकेवर आणि दुसरा दुसरीवर ठेवायचा आणि देवीच्या कपाळाकडे बघायचं. रोग गेला असेल तर कपाळात दिवा लागे. गेला नसेल तर नुसता काळोख.

"दाजी! अकरावा मंगळवार!" नाथामहाराजांनी हाक दिली.

दाजी म्हणजे खाडीकाठच्या कोळीवाड्यातला सत्तरीचा म्हातारा. जन्मभर होडी वल्हवलेली, आता दम्याने बेजार. महाराजांच्या हाताखालचा माणूस तीर्थाची पितळी परात घेऊन आला. दाजींनी दोन्ही पंजे तीर्थात बुडवले, नुसते झटकले आणि पादुकांवर ठेवले.

देवीच्या कपाळात तांदळाच्या दाण्याएवढा पिवळा उजेड लागला.

गाळाभर एकच कल्लोळ झाला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पुढे बसलेल्या एका बाप्याने घंटा बडवायला घेतली ती थांबेना. महाराज, वय चाळिशीचं, दाढी नुकतीच धरलेली, हात वर करून उभे राहिले. "बहात्तर हजार नाड्या असतात शरीरात! त्या कचऱ्याने तुंबतात. नाडी मोकळी झाली की काय होतं? भक्ताचं आणि आईचं कनेक्शन लागतं! हे सप्तसागराचं तीर्थ आहे, चाखून बघा, खारट लागतंय की नाही?"

लोकांनी चाखलं. खारट लागलं. सात समुद्र एकदम खरे ठरले.

दाजींनी खिशातला दम्याचा पंप काढला आणि देवीपुढच्या वेताच्या टोपलीत टाकला. ती टोपली औषधांची होती. साखरेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, खोकल्याच्या बाटल्या, सगळं तिच्यात जमा होई आणि पौर्णिमेला काळू नदीत विसर्जन.

रांगेत उत्तरा उभी होती. ठाण्याच्या कोपरीतून ती धाकट्या बहिणीखातर इथवर आलेली. हा उजेड पाहून तिनेही हात जोडले, आणि हे इथं लपवायचं कारण नाही. तिने आयुष्यात दिवे काही कमी पाहिले नव्हते. कोपरीला तिचे मालक भाऊ यांच्या कारखान्यात, म्हणजे एका लांबट खोलीत, ती आणि आणखी चौघीजणी दिवसभर तेच करायच्या. नखाएवढ्या, कधी त्याहून लहान पाट्यांवर बसवलेले एलईडीचे दिवे, आणि त्या पाट्यांना केसासारख्या बारीक वायरी कथलाने जोडायच्या. मखरांचे दिवे, मूर्तींच्या मुकुटांचे दिवे, लग्नाच्या कमानींचे दिवे. भिंगाखाली मान घालून दिवसाला चारशे सांधे मारणारी बाई ही. पण समोर म्हातारा ढसाढसा रडत होता, धुराने डोळे चुरचुरत होते आणि शेजारी सोनल तिचा दंड घट्ट धरून "बघितलंस ताई? बघितलंस?" करत होती. अशा वेळी डोकं बाजूला पडतं आणि हात आपोआप जोडले जातात.

सोनलची मुलगी सान्वी नऊ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा फिट आली. कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, गोळ्या सुरू केल्या, आणि गेले सात महिने पोरीला एकही फिट आली नव्हती. मग इथं यायचं कारण काय? कारण होतं सोनलच्या सासूबाईंचं, विमलाबाईंचं. मुलीच्या जातीला रोज गोळी म्हणजे उद्या लग्नाचं काय, हा घोर त्यांनी आत्तापासून लावून घेतला होता. सोनलला वेगळा घोर होता. तिला रोज सकाळी उठल्यावर भीती वाटे की आज येईल का. त्या भीतीला सात महिन्यांत एक दिवस सुट्टी मिळाली नव्हती.

"नवीन भक्त! अंगारा!" महाराज म्हणाले.

नवीन भक्ताला तीर्थ नाही. त्याने आधी अंगाऱ्याने दोन्ही तळवे खसाखसा चोळायचे, मग पादुका. सान्वीने चोळले. गुडघे टेकून तिने इवलेसे पंजे पादुकांवर ठेवले आणि श्वास रोखून वर पाहिलं.

काळोख.

"गोळ्या चालू आहेत?" महाराजांनी विचारलं.

"हो महाराज," सोनल म्हणाली. "सात महिने फिट नाही आली."

"आली नाही कारण गोळीने ती आत दाबून ठेवलीय. साप बिळात आहे, बाई! आई विषात पाऊल टाकत नाही. गोळ्या आज बंद. अकरा मंगळवार. अकराव्याला दिवा लागणार म्हणजे लागणार. नक्की!"

"नक्की ना महाराज?"

"नक्की!"

सोनलने पर्समधली गोळ्यांची पट्टी काढली. उत्तराने तिचं मनगट धरलं. "सोनल, अगं डॉक्टरांना विचारल्याशिवाय..."

"उत्तरा, इथं मधे बोलू नये," विमलाबाई हळूच पण ठासून म्हणाल्या. पट्टी टोपलीत पडली.

त्याच वेळी अंगाऱ्याचं ताट परत न्यायला तो हाताखालचा माणूस पुढे वाकला आणि उत्तराने पहिल्यांदा त्याचं तोंड नीट पाहिलं. पन्नाशी उलटलेला, खिशाला चष्मा अडकवलेला. त्यानेही तिला पाहिलं. त्याच्या हातातलं ताट कललं आणि सगळी राख फरशीवर सांडली.

गुणाजी. दहा दिवसांपूर्वी कारखान्यात आलेलं गिऱ्हाईक.

उत्तरा गाडी धरून घरी निघाली. तिला एकेक आठवत गेलं. गुणाजी रुमालात बांधून एक नग घेऊन आला होता. "घरची देवी आहे, मुकुटातला दिवा बंद पडलाय." एलईडीची बारीकशी पाटी, तिची एक वायर सांध्यातून सुटलेली. शेजारी तीन पायांचा काळा मणी, म्हणजे ट्रान्झिस्टर, एक सेल आणि दोन लांबच लांब वायरी, टोकाला तांब्याच्या चकत्या. उत्तराने भिंगाखाली सुटलेला सांधा पुन्हा मारला, फुंकर घातली, ओढून पाहिला. छान बसला होता. मग वायरींचा गुंता सोडवताना एका हातात एक चकती आली आणि दुसऱ्या हातात दुसरी. चैत्राचा उकाडा, खोलीत कथल वितळवायच्या गनची धग, तळहात घामेजलेले. दिवा मंदसा लागला.

"अहो, हा शॉर्ट आहे कुठेतरी," ती तेव्हा म्हणाली होती. "बटण कुठाय याचं? थांबा, देते काढून."

गुणाजीने नग जवळजवळ हिसकावून घेतला होता. "नको, नको! असंच पाहिजे."

असंच पाहिजे! तिला वाटलं होतं, असतात एकेक नग. नंतर नवीन माल आला आणि ती विसरून गेली. टिटवाळ्याचा माणूस एवढ्याशा सांध्यासाठी चांगली चार दुरुस्तीची दुकानं ओलांडून कोपरीला का येतो, हा प्रश्न तिने स्वतःला विचारायला हवा होता. तो न विचारल्याबद्दल ती पुढे कितीतरी दिवस स्वतःला खात राहिली. ज्या उजेडाला तिने हात जोडले तो तिच्याच हाताने लागला होता, आणि त्या उजेडापायी तिच्या भाचीची गोळी बंद झाली होती.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिने तसाच नग बनवला. दहा मिनिटांचं काम. पादुका म्हणून डब्याची दोन स्टीलची झाकणं घेतली आणि वायरींची टोकं त्यांना चिकटवली.

"काय गं, कुणाची ऑर्डर?" शेजारच्या पाटावरची प्रीती विचारू लागली.

"आधी हात पूस. ही घे उदबत्तीची राख, चोळ चांगली. आता दोन्ही झाकणांवर ठेव."

दिवा लागला नाही.

"आता या मिठाच्या पाण्यात बुडव. आणि ठेव."

दिवा झळझळीत लागला. प्रीती ओरडली, "अय्या! करंट आहे का?"

"तुला लागला का झटका?"

"नाही."

"लागणारच नाही. एवढासा आहे की तुला कळणारसुद्धा नाही. एका झाकणातून निघतो, तुझ्या एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून बाहेर पडतो आणि दुसऱ्या झाकणात जातो. तो काळा मणी दाराशी पहारेकरी बसल्यासारखा असतो. हातातून चिमूटभर करंट आला की तो दिव्याची मोठी वाट उघडतो. कोरड्या कातडीतून करंट जात नाही, राख लावली की आणखीच नाही. ओल्या, खारट कातडीतून सरळ जातो."

बाकीच्या तिघींनी हात ओले करून दिवा लावून पाहिला. हसल्या. मग उत्तराने सान्वीचं सांगितलं आणि हसू थांबलं.

तिने कल्याणला फोन लावला. डॉक्टरीणबाई स्वतः बोलल्या, आणि चांगल्याच रागावून बोलल्या. या गोळ्या अशा एकाएकी तोडायच्या नसतात, तोडल्या तर आधीपेक्षा मोठी फिट येऊ शकते, एकामागून एक येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. आजच सुरू करा आणि मुलीला दाखवायला आणा. उत्तराने जसंच्या तसं सोनलला फोनवर सांगितलं. राख सांगितली, मीठ सांगितलं, काळा मणी सांगितला.



"ताई, तुझं सगळं वायरीत सुरू होतं आणि वायरीत संपतं," सोनल म्हणाली. "दाजींचा दम गेला तो पण वायरीने?"

"दाजींचा दम गेला हे तुला कुणी सांगितलं?"

"दिवा लागला ना!"

"अगं तेच तर सांगतेय..."

"नको सांगूस. डॉक्टर म्हणते आणखी दोन वर्षं गोळी, मग बघू. दोन वर्षांनी पण ‘बघू’च ना? मला आता नाही सहन होत बघू-बघू." तिने फोन ठेवला.

शनिवारी शाळेत सान्वीला फिट आली. प्रार्थनेच्या वेळी. तीन-चार मिनिटं चालली, जीभ चावली गेली, कपाळाला खोक पडली. उत्तरा धावत टिटवाळ्याला पोचली तेव्हा पोर भिंतीकडे तोंड करून निपचित झोपली होती आणि विमलाबाई तिच्या पायाशी जप करत बसल्या होत्या.

"विष बाहेर पडतंय," विमलाबाई म्हणाल्या. बोलताना त्या नातीच्या पायांवरचं पांघरूण मात्र पुन्हा पुन्हा सारखं करत होत्या. "महाराज म्हणालेच होते, आधी वाढेल."

उत्तराचा संताप झाला. वाढलं तरी महाराज खरे आणि कमी झालं तरी महाराजच खरे! असा माणूस कधी खोटा पडणार? पण समोर नातीच्या काळजीने अर्धी झालेली म्हातारी होती. तिच्यावर काय ओरडायचं?

ओट्याजवळ सोनल पाठमोरी उभी होती. उत्तरा तिच्यामागे जाऊन उभी राहिली. "गोळी दे तिला. पाया पडते तुझ्या."

"आणि मग दिवा लागायचाच नाही. ते काय म्हणाले? गोळी असेल तर आई येत नाही." सोनल वळली. डोळे रडून सुजले होते. "मंगळवारी ये तू. जे काय दाखवायचं ते तिथं, सगळ्यांसमोर दाखव. नाही दाखवता आलं तर यावर परत बोलायचं नाही. कधीच."

ते दोन दिवस उत्तराने कसे काढले तिचं तिला माहीत. फोन वाजला की ती हातातलं काम टाकून आधी सोनलचं नाव आहे का बघायची.

मंगळवारी तिने घरून एका छोट्या बाटलीत मिठाचं पाणी नेलं. साधं, चपातीच्या कणकेत घालतो ते मीठ. सान्वीने अंगारा चोळला. रांग पुढे सरकली आणि तेवढ्यात उत्तराने ओला रुमाल काढून भाचीचे तळवे स्वच्छ पुसले, दोनदा. तिने काय ठरवलं होतं? दिवा लागेल, सगळे थक्क होतील, मग ती रुमाल वर धरून सांगेल की बघा, हे माझ्या स्वयंपाकघरातलं मीठ. किती सोपं!

सान्वीने पंजे ठेवले. दिवा लागला.

दुसऱ्याच मंगळवारी! क्षणभर गाळ्यात कुणाला विश्वास बसेना, आणि मग जो जल्लोष उठला त्यात उत्तराचा आवाज कुठल्या कुठे बुडाला. घंटा, टाळ्या, जयजयकार. विमलाबाईंनी जमिनीवर डोकं टेकलं. नाथामहाराज चमकले होते. उत्तराने त्यांचा चेहरा पाहिला, त्यांनी गुणाजीकडे रोखून बघितलं तेही पाहिलं. पण गडी पक्का. दुसऱ्या क्षणी त्यांचे हात वर गेले. "लीला! आईची लीला! अकराचं काम दोनात! निष्पाप लेकराला आई थांबवत नाही!"

आणि सोनल. सोनल हसत होती. दोन वर्षांत उत्तराने तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. तिने सान्वीला उराशी धरलं होतं आणि ती तिच्या केसांत तोंड खुपसून म्हणत होती, "गेलं गं बाळा, गेलं, गेलं."

 हे तिने ठरवलं नव्हतं. बहिणीच्या तोंडावरचं हे हसू आता तिलाच पुसून काढायचं होतं, सगळ्या जगासमोर. गप्प राहावं असं तिला वाटलं. खरंच वाटलं. मग सान्वीच्या कपाळावरची पट्टी तिला दिसली.

"नाही गेलेलं!" ती ओरडली. "थांबा! काही गेलेलं नाही!"

घंटा थांबली.

"मिठाचं पाणी आहे ते. माझ्या घरचं. मी पुसले तिचे हात."  "सान्वी, इकडे ये, राणी. हा कोरडा नॅपकिन घे, हात पूस. आता अंगारा चोळ. चोळ चांगला. ठेव."

काळोख.

"आता हे पाणी."

दिवा.

"परत पूस. अंगारा."

काळोख.

"काय, इतक्या वेळात दोनदा बरी झाली आणि दोनदा आजारी पडली?" उत्तराने विचारलं.  मग तिने भिजलेला रुमाल पिळला आणि माणसाच्या हाताशिवायच, नुसता रुमाल, दोन पादुकांवर आडवा पसरला.

दिवलीआईच्या कपाळात दिवा लागला तो लागलाच. विझेना.

"घ्या!" मागून कुणीतरी म्हणालं. "रुमालाचा रोग गेला!" दोघे-तिघे फिसकन हसले.

"आईची विटंबना!" महाराज गरजले. "या बाईला बाहेर काढा! आई कोपेल!"

"कोपू दे," दाजी उठत म्हणाले. ते रांगेत नव्हते, भिंतीला टेकून बसले होते, आणि बसल्या जागी त्यांच्या छातीचा भाता वरखाली होत होता. "आठ दिस झालं, मना झोप नाय. पंप टाकला ना मी. दिवा लागला म्हणून टाकला." ते धापा टाकत चौरंगापाशी आले आणि त्यांनी लाल कापड ओढलं.

खाली कोनाड्यात सेल होता, काळा मणी होता, आणि प्रत्येक पादुकेच्या पोटातून एकेक वायर निघून मूर्तीच्या पाठीत गेली होती. शाळेतल्या पोरांनासुद्धा समजावं इतकं उघडं.

"तो दिवा मी जोडलाय," उत्तरा म्हणाली. आता तिला रडू आवरेना. "माझ्या हाताने. वायर सुटलेली, यांनी आणून दिली, मी लावून दिली. मला माहीत नव्हतं कशासाठी ते. नवीन माणसाला राख देतात, मग करंट जात नाही. अकराव्या मंगळवारी खारं पाणी देतात, मग जातो. आधीच्या दहा मंगळवारांत तुमच्या पोटातलं काही बदलत नाही. फक्त तुमचं औषध बंद होतं."

गुणाजी खाली मान घालून उभा होता. त्याने नाही म्हटलं नाही. महाराजांना तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला आणि ते पडद्याआड गेले. मागचं शटर वर गेल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

इथं गोष्ट संपायला हवी होती, नाही का? लोकांचे डोळे उघडले, वगैरे. काहींचे उघडले. दाजींनी टोपलीत हात घालून आपला पंप शोधून काढला आणि तिथंच दोनदा ओढला. सात-आठ जण टोपलीभोवती जमून आपापल्या पट्ट्या हुडकू लागले. पण अर्धी रांग होती तिथंच उभी राहिली. आणि एक बाई, चांगली शिकलेली, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, पुढे आली आणि वाकून उत्तराच्या पायांना हात लावू लागली.

"अहो, हे काय करताय!"

"आईने तुमच्याच हातून करून घेतलं ना," ती बाई म्हणाली. "म्हणजे तुमच्या हातात काहीतरी असणारच. माझ्या मुलाच्या डोक्यावर एकदा हात ठेवाल?"

उत्तराला मोठ्याने किंचाळावंसं वाटलं. तिने आपले तळहात त्या बाईसमोर उघडे धरले. बोटांच्या टोकांना गनचे चटके बसून घट्टे पडले होते. "यात काही नाही, ताई. हे कामाचे हात आहेत. तुमच्या मुलाला डॉक्टरकडे न्या. देवाला हात जोडायचे तर जरूर जोडा, मी पण जोडते. पण देवाच्या नावाने कुणी गोळी बंद कर म्हटलं, तर त्याला आधी विचारा, कशावरून? तो चिडला तर समजून जा."

सान्वी तिच्या ओढणीला ओढत होती. "मावशी, म्हणजे मी बरी नाही झाले?"

सगळा गाळा त्या पोरीकडे बघत होता. उत्तराने गुडघे टेकले. "नाही, राणी. अजून नाही."

सोनलने पोरीला उचललं आणि ती बाहेर पडली.

दुपारी दोघी बहिणी सान्वीला घेऊन कल्याणला डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. विमलाबाई आपणहून आल्या होत्या. गाडीत त्या पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. डॉक्टरीणबाईंनी सान्वीला तपासलं, आजपासून गोळ्या कशा सुरू करायच्या ते कागदावर लिहून दिलं, फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर थेट हॉस्पिटल, हे दोनदा सांगितलं. रागावल्या नाहीत.

"बरी होईल ना नक्की?" सोनलने विचारलं.

"नक्की असं मी म्हणणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळ्या नियमित घेतल्या तर बहुतेक मुलांच्या फिट थांबतात. पुष्कळांच्या पुढे गोळ्याही बंद होतात. हिचं चांगलं चाललं होतं. आता पुन्हा धीर धरून बघू या."

बाहेर आल्यावर सोनल जिन्यातच थांबली. ती उत्तराकडे वळली. "तो नक्की म्हणाला होता गं, ताई."

"हो."

"सगळे बघू म्हणतात. तो एकटा नक्की म्हणाला."

उत्तराने तिचा हात धरला.  पुढे तिने पोलिसांत तक्रार दिली, जबाब दिला, जादूटोणाविरोधी कायदा आहे म्हणून गाळ्याला सीलही लागलं. पण वायरी दाखवता येतात, सेल दाखवता येतो; नऊ वर्षांच्या पोरीच्या आईला रोज सकाळी जी भीती वाटते ती कशाने काढायची? तिच्यावरच तर नाथा पोट भरत होता. फसलेल्या माणसाला मूर्ख म्हणणं फार सोपं आहे. तो मूर्ख नसतो, दमलेला असतो. त्याच्याशी खरं बोलायचं तर त्याच्यासोबत दवाखान्याच्या बाकड्यावर बसावंही लागतं. आणि वाचणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं: जो तपासू देत नाही, त्याचं ‘नक्की’ कवडीमोलाचं, आणि जो ‘बघू’ म्हणतो पण तपासून, मोजून, चुकलं तर सुधारून बघतो, त्याचा हात सोडू नये.

खाली औषधांच्या दुकानातून सोनलने गोळ्या घेतल्या, पाण्याची बाटली घेतली. घरी जाईपर्यंतही ती थांबली नाही. कागद पुन्हा एकदा वाचून तिने तिथंच पायरीवर सान्वीला गोळी दिली, आणि पोरीने ती गिळून तोंड उघडून दाखवेपर्यंत तिच्यासमोर बसून राहिली.